झोपतानाचं दूध

"ह्यांच्याजवळ गेलं की अंगभर पित्त उठतं," शर्वरी खालमानेनं डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "मला नवऱ्याचीच ॲलर्जी आहे का हो?"

"आणखी कशाची आहे?"

"बदामाची, लहानपणापासून. पण मी त्याला शिवतसुद्धा नाही."

शेजारी बसलेला सुव्रत चपापला. "आई मला रोज झोपताना बदामाचं दूध देते."

"मग तेच तुमच्यातून हिच्या अंगात जातं," डॉक्टरीणबाई हसल्या. "दूध बंद, पित्त बंद!"

शर्वरीचा जीव भांड्यात पडला. पेला नेहमी एकट्या सुव्रतसाठी यायचा. त्यात काय आहे, तिनं कधी विचारलंच नव्हतं.

घरी सुव्रतनं आईला कसं समजावलं, कोण जाणे. जेवणं उरकल्यावर सासूबाई ट्रे घेऊन आल्या.

"नुसतं दूध आहे गं," त्या तिच्याकडे न बघताच म्हणाल्या.

ट्रेमध्ये पेले दोन होते.