मागाहून टाकलेली मूठ

आजोबांनी डब्यातून मूठभर तांदूळ काढले आणि पातेल्यात सोडले. "ही तुझ्या आईची."

"तिला मऊ लागतो." नात स्टुलावर चढून ओट्यावर ओणवी झाली होती.

"मला सांगतेस, ठकूबाई? मुलगी माझी आहे ती. ही तुझ्या बाबाची. ही तुझी. ही माझी."

हात डब्यात क्षणभर थांबला. मग आणखी एक मूठ पातेल्यात पडली, कुणाचंही नाव न घेता.

ती रोजच पडायची. रोज भात उरायचा, आणि सकाळी कामावर जाण्याआधी बाबा तो उभ्याउभ्या दह्यात कालवून संपवायचा. "सासरेबुवांच्या हाताला बरकत आहे," एवढंच म्हणायचा. आज तो खायला कुणी नव्हतं. पहाटेच आईला घेऊन तो दवाखान्यात गेला होता. बाळाचे दिवस अजून भरले नव्हते. आईच्या चपला दारातच राहिल्या होत्या.

आजोबांनी नळाखाली तांदूळ धुतले, पाणी ओतून दिलं, पुन्हा धुतले.

"आणि बाळाची मूठ?"

"आल्याशिवाय कुणाला मोजायचं नाही."

"मग ती शेवटची कुणाची?"

आजोबांचा सगळा जन्म शिलाई मशीनवर गेला होता. उत्तर तयार होतं. "शिवणीत थोडी माया सोडतात ना आत, तशी ती. कमी पडायला नको."

"आजीची आहे ती," नात म्हणाली. "आजी गेली, तरी तिची टाकता. बाळ येणार आहे, तरी त्याची नाही."

नळ चालूच होता. आजोबांनी तो बंद केला. मग पातेल्यात हात घातला, मूठ मिटली आणि वर काढली. बोटांच्या फटींतून पाणी गळत राहिलं. चारदोन दाणे मनगटाला चिकटले.

"आता यातली तिची कुठली, कसं कळायचं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मूठ पुन्हा पाण्यात उघडली.

"बाळाला द्या ना तीच."

"नाही!"

नात दचकली. आजोबांनी ओले हात पंच्याला पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. "त्याला ती नको, बाळा. गेलेल्या माणसाची नको. आज तरी नको."

भात गॅसवर चढला. आजोबा स्वच्छ ओटा पुन्हा पुसू लागले. नातीने जेवणाच्या डब्याचे कप्पे कोरडे करून ओळीने मांडले. आईचा खालचा, त्यात ऊब टिकते. झाकण थडथडायला लागलं तेव्हाच फोन वाजला.

आजोबांनी तो उचलला, पण कानाला लावेनात. नातीने त्यांच्या हातातून घेतला आणि दोघांच्या मध्ये धरला.

"अण्णा, मुलगी झाली." बाबाचा आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा होता. "ही बरी आहे. झोपलीय आता."

"आणि ती?"

"लगेच रडली नाही. आता काचेच्या पेटीत ठेवलंय तिला. केवढीशी आहे हो. माझ्या तळहातात मावेल." मागे कुणीतरी चाकांचं काहीतरी ढकलत नेत होतं. ते लांब जाईपर्यंत तो थांबला. "डॉक्टर म्हणतात, इतक्यात काही सांगता येत नाही."

"तू काही खाल्लंस का?"

"अण्णा, खायचं काय घेऊन बसलात."

"भात होतोय," आजोबा म्हणाले. "डबा घेऊन येतो आम्ही. आणि तिच्या चपला."

फोन खिडकीत ठेवून ते तसेच उभे राहिले. झाकणाच्या कडेने फेस उतू गेला, तरी हात पुढे झाला नाही. शेवटी नातीनेच फडक्याने झाकण सरकवलं.

"पेटीत का ठेवलंय?"

"उबेला."

"आजोबा, पण आली ना ती?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आली," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा नीट, "आलीच की."

तांदळाचा डबा त्यांनी फळीवरून खाली काढला आणि तिच्यापुढे तिरका धरला. "तू टाक. माझी मूठ मोठी होईल तिला."

नातीने मूठ भरली. वाफेवर हात नेला आणि थांबली. "पण भात होत आलाय. हे कच्चे राहतील."

एरवी हीच चूक तिने केली असती, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"टाक तू."

कोरडे दाणे फुललेल्या भातावर पडले आणि वरच राहिले. आजोबांनी बाजूच्या भांड्यातलं गरम पाणी कडेकडेने सोडलं, डावाने अलगद हलवलं, झाकण ठेवलं.

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण आज एका शिताने भागण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी एक शीत बोटांत दाबलं. ते मऊ होतं. दुसरं दाबलं, आणि तसंच नातीपुढे धरलं. तिने आपल्या बोटांनी चेपून पाहिलं. आत कणी लागली.

"मग आता?"

"थांबायचं."

"बाकीच्यांचा गिचका होईल."

"होऊ दे. आपण खाऊ."

त्यांनी झाकण परत ठेवलं आणि गॅस बारीक केला. मग आणखी बारीक केला, इतका की ज्योत आहे ना, हे पाहायला दोघांनाही खाली वाकावं लागलं.