डावीकडचं मागचं दार

"ही कुठून आली आणि कुठं जाते?" गाडीच्या दाराच्या पोकळीतली सळई हलवत शलमोन मास्तरांनी विचारलं.

"आतल्या हँडलपासून लॉकपर्यंत," त्यांची बायको फिलोमिना म्हणाली. तिच्या एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्यात स्क्रूंची वाटी. "सकाळधरनं तिसऱ्यांदा विचारताय. आता पास करा की मला, मास्तर."

मास्तर हसले. आयटीआयच्या पोरांना तीस वर्षं गाड्या खोलायला शिकवलेला हात अजून चुकत नव्हता. दाराचं पॅड निघालं, एकही क्लिप तुटली नाही. दाराच्या कडेला कुणीतरी काळी चिकटपट्टी लावली होती. "पॉलची कामं. गंज लपवतोय," म्हणत त्यांनी ती सोलली. खाली गंज नव्हता. ते क्षणभर थांबले, मग स्क्रू ढिले करू लागले.

हे दार आतून उघडत नव्हतं. त्याच्याशेजारची जागा त्यांची. गेल्या रविवारी चर्चसमोर सगळी मंडळी उभी असताना पॉलने खाली उतरून, वळसा घालून बापाचं दार उघडलं होतं. या रविवारी त्यांना आपल्या हाताने उतरायचं होतं. म्हणून पॉल मोटारसायकलवर ड्यूटीला गेल्या गेल्या त्यांनी पाने काढले होते.

"पॉल आल्यावर केलं असतं," फिलोमिना म्हणाली.

"लॉक बदलायला पोराची परवानगी काढू?"

"तसं न्हाई."

"मग कसं?"

तिने स्क्रूंची वाटी खाली ठेवली. मास्तरांनी घाम पुसायला मान वळवली, तर खांद्यावर निळ्या दोऱ्याची शिवण दिसली. पांढऱ्या शर्टाला निळा दोरा. "हा कधी फाटला गं?"

"वाळत घालताना. तारंत अडकला."

नवं लॉक बसलं. मास्तर आत बसले, दार ओढून घेतलं, हँडल खेचलं. खट. दार उघडलं. ते ऐटीत उतरले. फिलोमिनाच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

बिघडलेला भाग लगेच फेकायचा नाही, का बिघडला ते आधी बघायचं, असं ते पोरांना सांगायचे. जुनं लॉक घेऊन ते पायरीवर बसले. बाहेरच्या हँडलची पट्टी दाबली, लॉक सुटलं. आतल्या हँडलची ओढली, सुटलं नाही. स्प्रिंग शाबूत. कुठं झीज नाही. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं. आपल्याला हे माहीत असायला हवं, एवढंच त्यांना कळत होतं.

अंगठा एका बारक्या खटक्याला लागला. त्यांनी तो सरकवला आणि आतली पट्टी पुन्हा ओढली. खट.

"यात काहीच बिघाड नव्हता," ते म्हणाले. "हा चाइल्ड लॉकचा खटका आहे. चालत्या गाडीत लहान पोरांनी दार उघडू नये म्हणून असतो." त्यांनी वर पाहिलं. "फिलोमिना, आपल्या गाडीत लहान पोरं कुठं आहेत?"

तिने बॅटरी बंद केली.

"मागच्या महिन्यात नगरहून येत होतो. विळदचा घाट उतरताना तुमी दार उघडलं. आयटीआय आलं, पोरं वाट बघत्यात म्हणालात. मी शर्ट धरला म्हणून..."

"मी?"

"व्हय. मग पॉलनं खटका लावला. वर पट्टी मीच चिकटवली."

मास्तरांना घाट आठवला. पुढं चाललेला उसाचा ट्रक आठवला, त्याच्यावरून उडणारं पाचटही. दार काही केल्या आठवेना. त्यांचा हात खांद्याच्या शिवणीवर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

मग ते उठले. दार उघडं होतंच. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यांनी नव्या लॉकचा खटका सरकवला, काच चार बोटं खाली घेतली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. "लाव," ते म्हणाले.

फिलोमिनाने दार लावलं. मास्तरांनी आतलं हँडल एकदा ओढलं, दुसऱ्यांदा जोर लावून ओढलं. दार हललं नाही.

"बरोबर बसलंय," ते काचेच्या फटीतून म्हणाले. आवाज वर्गातला होता. "आता सांग. हे दार कोण उघडणार?"

"मी," फिलोमिना म्हणाली.

"पास," मास्तर म्हणाले, आणि समोर बघत तसेच बसून राहिले.