वारा पडल्यावर

तक्रारीनंतर सात महिन्यांनी पालिकेचा मोजणीदार पालिकेच्याच पवनचक्कीचा आवाज मोजायला काकूंच्या स्वयंपाकघरात आला, तेव्हा चक्कीचं पातंसुद्धा हलत नव्हतं. "वाऱ्यात आमचं यंत्र चुकतं, काकू. वारा पडला की मोजायचं, असा नियमच आहे." "वाऱ्याशिवाय चक्की फिरते होय रे?" "नियम काय माझ्या सासऱ्यानं केलाय?" त्याने आकडा टिपला: मर्यादेच्या आत. "अर्जात लिहिलंय, चक्कीच्या घरघरीत आजारी नवऱ्याची घंटा इथे ऐकू येत नाही. काकांना म्हणावं, वाजवा." काकू आतल्या खोलीत गेल्या. खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली. घंटेची दोरी मात्र लोंबत होती. गेल्या महिन्यात, वादळी दुपारी, ती काकांच्या गार मुठीतून सोडवावी लागली होती. काकूंनी दोरी ओढली. "ऐकू येतेय खणखणीत!" त्याने लिहिलं: तक्रारीत तथ्य नाही. "पुरे, काका!" घंटा वाजतच राहिली.