दुहिता

गाईने पान्हा चोरला. पुलांच्या कामावर भल्याभल्यांना ऐकायला लावणारी इंजिनियर, पण गोठ्यात तिचे काही चालेना. शेवटी कासेला कोमट पाणी लावले, वासराला घटकाभर सोडले, तेव्हा कुठे धार लागली. हात मात्र काही विसरले नव्हते.

अण्णा आतल्या खाटेवर पडून होते. याच गोठ्यात पाय घसरून त्यांचे मांडीचे हाड मोडले, म्हणून ती रजा टाकून आली होती. एरवी ती वडिलांकडे फारशी फिरकत नसे.

अण्णा शाळेत भाषा शिकवायचे. घरी पाहुणे आले की मुलीला पुढे करून म्हणायचे, "ही आमची दुहिता. दुहिता म्हणजे? दूर असली तरच हिताची." पाहुणे खो खो हसायचे. ती खाली मान घालून आईमागे गोठ्यात जायची. पहाटे धारा, संध्याकाळी धारा. आईची बोटे वाकडी झाली ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. आई गेली, तेव्हा आता गोठा पोरीच्या गळ्यात, असे सगळ्या आयाबायांनी गृहीतच धरले होते. अण्णांनी मात्र तिची ट्रंक भरली आणि तिला लांबच्या शहरात वसतिगृहात नेऊन सोडले. ती रडली, हातापाया पडली. ते बधले नाहीत. सुट्टीत येते म्हटले, तर "कशाला? तिथेच अभ्यास कर." शाळा सांभाळून गाईंचे सगळे ते स्वतःच करू लागले. तिने काय ते ओळखले. पुढे नोकरीही मुद्दाम लांबची धरली.

"ताई, सर झोपलेत का?"

गोठ्याच्या दारात अण्णांचा जुना विद्यार्थी उभा होता. आता शाळेत त्यांचाच विषय शिकवत होता. तिला धार काढताना पाहून तो हसला.

"आज शब्दाचा अर्थ डोळ्यांनी पाहिला. दुह् म्हणजे दूध काढणं. घरच्या गाईंची धार काढते ती दुहिता. सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं."

तिचे हात थांबले. "दूर असली तर हिताची, असं नाही?"

"तसंही सांगतात. पण सर म्हणायचे, तो अर्थ ओढूनताणून लावलेला. खरा हाच."

ती तशीच उठली. ओल्या हातांनी अण्णांच्या खाटेशी जाऊन उभी राहिली.

"अख्ख्या वर्गाला खरा अर्थ सांगितलात, अण्णा. मग मलाच का नाही?"

अण्णांनी तिच्या ओल्या हातांकडे पाहिले.

"सांगितला असता," ते म्हणाले, "तर तू गोठा सोडून गेली असतीस का?"