तिच्या हातचं

"तळलेलं, पापड, लोणचं सगळं बंद," रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले. "एवढं तेल पोटात जातं कुठून?"

कुमुदिनी अंग चोरून बसली. नवऱ्याच्या डब्यात पुऱ्या, वडे, भजी रोज तीच तर हौसेनं भरायची.

"ऑफिसबाहेर गाडीवर खायचो," दिगंबरराव घाईघाईनं म्हणाले. "घरचं जेवण अगदी साधं असतं."

त्यांनी जन्मात बाहेरच्या चहालाही तोंड लावलं नव्हतं.

जिना उतरताना ते छातीवर हात ठेवून थांबले, तेव्हा तिनं विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुझ्या हाताला कुणी नावं ठेवलेली मला ऐकवली नसती गं."

त्यावर तिला रडताही येईना. घरी आल्यावर ती गार शेगडीसमोर नुसती उभी राहिली. यांना आता काय करून घालावं, हे लग्नानंतर प्रथमच तिला सुचेना.