रोज तीन ओळी

सुहासिनीने फूटपट्टी लावून गोधडी दुसऱ्यांदा मोजली. लांबी सहा फूट, रुंदी दोन फुटांना दोन बोटं कमी.

"आत्या, कूस बदललीस तर उघडी पडशील हं."

"एका माणसाला पुरते," अनुसूयाआत्या म्हणाली आणि टाका पुढे नेला. तिच्या मांडीजवळ दोन गाठी मारलेली सुतळी पडली होती. शेजारचे वामनजी रेल्वेत सुतार होते, त्यांनी दिलेली. प्रत्येक पट्टी आत्या त्या सुतळीवरच बेतायची.

गोधडीत आत्याचं सगळं आयुष्य होतं. लहानपणी गुरसराय गावी शिवलेल्या खणाच्या परकराचा तुकडा. अकराव्या वर्षी लग्नात नेसलेल्या शालूचा काठ. चौदाव्या वर्षी अंगावर आलेलं विधवेचं तांबडं आलवण. मग धाकट्या भावाच्या, म्हणजे सुहासिनीचे वडील दत्तात्रेय यांच्या, शाळेच्या सदऱ्याचा खिसा. भावजयीच्या डोहाळजेवणातली हिरवी साडी. सुहासिनीचं झबलं.

सुहासिनी नुकतीच बी.एस्सी. झाली होती आणि तिला नोंदी ठेवायची सवय होती. आलवणानंतर चव्वेचाळीस वर्षं, आणि आत्याचा स्वतःचा एक कपडा नाही.

"यात तुझं काय आहे?"

"शेवटची पट्टी माझी," आत्या म्हणाली.

त्याच महिन्यात सुहासिनीला नागपूरहून एम.एस्सी.च्या प्रवेशाचं पत्र आलं होतं. एक जुलैला हजर व्हायचं होतं. दत्तात्रेयांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि शांतपणे विचारलं, "तिथं आपलं आहे कोण? मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं?" ते रागावले असते तर वाद तरी घालता आला असता. आत्या दारात उभी राहून ऐकत होती. पत्र ट्रंकेत गेलं. सुहासिनीने तो विषय सोडला असं सगळ्यांना सांगितलं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघणं काही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं होतं.

गोधडी वाढत गेली तशी आत्या एकेक गोष्ट हातावेगळी करू लागली. चांदीची अन्नपूर्णा तिने भावजयीच्या हवाली केली. तुळशीपाशी दिवा कधी, वात कशी, तेही सांगून टाकलं. मग एक दिवस स्वतः झाशीच्या सदर बाजारात जाऊन दोन वार पांढरं कोरं कापड घेऊन आली.

ते पाहून सुहासिनीच्या आईचा, इंदिराबाईंचा, चेहरा उतरला. स्वयंपाकघरात त्या लेकीला हळूच म्हणाल्या, "गोधडीला कुणी कोरं कापड लावतं का ग? कोरं कापड कशासाठी आणतात, ठाऊक आहे तुला. आणि तेवढीशी रुंदी. माणसाला शेवटी तेवढीच जागा लागते."

सुहासिनीने ते हसण्यावारी नेलं. पण शुक्रवारी ती आत्याला घेऊन लक्ष्मी तालावरच्या देवळात गेली, आणि महालक्ष्मीसमोर आत्या पुटपुटली ते तिने ऐकलं. "गोधडी तेवढी पुरी होऊ दे. मग मला अडवू नकोस."

घरी येऊन सुहासिनीने ओळी मोजल्या. कोऱ्या पट्टीवर धावदोऱ्याच्या बारा ओळी उरल्या होत्या. अधू डोळ्यांनी आत्या दिवसाला तीन घालायची. म्हणजे चार दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आडवी झाल्यावर तिने ब्लेड घेतलं आणि सकाळच्या तिन्ही ओळी उसवल्या. याला शास्त्रात आधार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दोऱ्याची गुंडाळी करून तिने ती खडूच्या डबीत लपवली.

मग रोज तेच. आत्या सकाळी तीन ओळी घालायची, दुपारी सुहासिनी तीन काढायची. संध्याकाळी आत्या गोधडी उजेडाकडे धरायची, बोटाने चाचपायची आणि म्हणायची, "मोतीबिंदू पिकला वाटतं माझा." सुहासिनीला शरम वाटायची. पण आत्या उठत होती, जेवत होती, भावजयीची थट्टा करत होती. निष्कर्ष स्पष्ट होता.

अकराव्या दिवशी आत्याने सुई डबीत ठेवली आणि डबी बंद केली.

"हे वामनजींना दे," तिने एक लिफाफा पुढे केला. "म्हणावं, परत करून टाका."

"काय आहे?"

"काही नाही आता. देवीला बोलले होते, गोधडी पुरी झाली तर दत्तूसमोर तोंड उघडीन. जन्मात त्याच्यापुढे काही मागितलं नाही ग. पण रोज शिवते आणि रोज तेवढंच उरतं. तिच्याच मनात दिसत नाही."

म्हणजे आता गोधडी पुरी होणार नव्हती. सुहासिनीच्या छातीवरचा दगड उतरला. ती जवळजवळ पळतच शेजारी गेली.

वामनजी ओट्यावर रंधा मारत बसले होते. निरोप ऐकून त्यांचा हात थांबला.

"परत? का बिटिया, माप चुकलं काय? मी स्वतः डब्यात चढून बर्थला सुतळी लावली होती. थर्ड क्लासची नुसती फळी ती. अंथरायला काही नसलं तर रात्रभरात म्हातारीची हाडं खिळखिळी होतील, म्हणून."

सुहासिनीने लिफाफा उघडला. आत आरक्षणाची चिठ्ठी होती. झाशी ते नागपूर, बायकांचा डबा, तारीख अठ्ठावीस जून, संध्याकाळची गाडी. म्हणजे उद्याची. खाली शाईने पहिलं नाव लिहिलं होतं, अनुसूया, वय अठ्ठावन्न.

वामनजींनी हात पुसून पुढे केला. "आण इकडे. तिकिटाची खिडकी बाराला बंद होते."

तिने लिफाफा दिला नाही. बारा ओळी होत्या. दोघी बसल्या तर आज दिवे लागायच्या आत होतील.

"वामनजी," ती म्हणाली, "तुमच्याकडे आणखी एक जाड सुई असेल?"

चिठ्ठीवरचं दुसरं नाव होतं सुहासिनी, वय वीस.