सहा मिनिटांचा चढ

मुकादम द्राक्षमळ्यातल्या बायकांना उठता-बसता गोगलगायी म्हणायचा. म्हणून मळ्यातून जाणाऱ्या छोट्या मॅरेथॉनमध्ये यंदा त्यांच्यातल्या एकीनं नाव दिलं. बूट तिच्या थोरल्या जावेनं दिले, आणि सगळ्या बायका वेलींच्या आडून ओरडत होत्या, "पळ गं, मागं नको बघूस." बाहेरून आलेले धावपटू घडांसोबत फोटो काढायला थांबत होते, तिच्या पायांना मात्र त्या चढाच्या खड्याखड्याची ओळख होती. रोज डोक्यावर क्रेट घेऊन ती तीच वाट चढायची.

ती पहिली आली. मुकादमानं घड्याळ बघत तिची पाठ थोपटली, "शेवटच्या रांगेपासून शेडपर्यंत सहा मिनिटं. मानलं तुला, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या फळ्यावर 'एका क्रेटला पंधरा मिनिटं' यातले पंधरा खोडून त्यानं सहा लिहिले होते. खाली एक ओळ होती : उशीर झाला, तर घरी बसा.

थोरल्या जावेनं क्रेट डोक्यावर घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाली,

"उद्यापासून पदक घालूनच ये. आम्ही कुणापायी पळतोय, ते दिसू दे सगळ्यांना."